तिसरी उडी

घोटीच्या परिसरात अलंग व मदन हे दुर्ग उभे आहेत. त्यांचे कातळ चढणारास दोराचे मोल ठाऊक असते. ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅन-चित्रत्रयीचा २०१२ सालचा अखेरचा भाग, ‘द डार्क नाइट रायझेस’, दोराचीच कथा सांगतो. पाठ मोडलेला नायक विहिरीसारख्या खोल तुरुंगात पडतो. दोर बांधून तो दोनदा उडी घेतो आणि दोनदा कोसळतो. त्याला मरणाचे भय उरलेले नाही, हीच त्याची उणीव असल्याचे एक वृद्ध बंदी त्यास सांगतो. तिसऱ्या वेळी तो दोर सोडतो आणि वर पोहोचतो.

पुष्कळ चाहत्यांस हा शेवट रुचला नाही. तो नगरात इतक्या लवकर परतला कसा, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘वीर खचेल कसा, आणि विजयानंतर निघून जाईल कसा?’ हा आक्षेप टिकत नाही. जो कधी पडलाच नाही, त्याच्या उठण्याला मोल ते काय? शिवाय तो आपले कार्य एका तरुणाच्या हाती सोपवून जातो. नगराला सदैव आपलीच गरज भासावी, असे वाटणे हा अहंकार होय.

मुलांनो, कड्यावर दोर कधीही सोडू नका. पण भयाची लाजही बाळगू नका. दोनदा पडलात, तरी तिसरी उडी उरलेलीच असते.