मधला माणूस

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी चकलांब्याला गेलो होतो. ही भाऊबीज माझी नव्हे, माझ्या वडिलांची. ते गेल्यापासून त्यांच्या बहिणीची, म्हणजे आमच्या आत्याची, ओवाळणी माझ्याकडे वारशाने आली आहे. वडिलांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत एवढी एकच बाब अशी निघाली, की जिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगितला नाही.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले गाव. आम्ही नगरहून निघतो. (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून वळण पडायचे आहे.) पाथर्डीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसू लागते. एस.टी.तल्या कोणत्याही उतारूला विचारा, तो सांगेल, 'चांदबीबीचा महाल!' ती इमारत महाल नाही, आणि चांदबीबीची तर नाहीच नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, आणि हा सलाबतखान निजामशाहीतला एक वजीर. वजिरांनी त्या बाईचे आयुष्यभर जे काही लुबाडले, त्याची ही थोडीशी भरपाई लोकांनी आपणहून केली असावी, असे मला तिथून जाताना दर वेळी वाटते.

ही सगळी माहिती मी माझ्या मुलीला मोठ्या उत्साहाने पुरवली. ती 'हूं' म्हणाली. मोबाईलवरची नजर न काढता 'हूं' म्हणण्याची विद्या प्राध्यापकांच्या मुलांना फार लवकर साधते.

तिच्या मोबाईलवर एक चिनी मालिका चालली होती. 2017 सालची, अठ्ठावन्न भागांची. नावच मुळी 'तीन जन्म, तीन जगे आणि दहा मैल पीचची फुले' अशा थाटाचे. रात्री आत्याच्या ओसरीवर ती पुन्हा सुरू झाली. आत्याला चिनी कळत नाही, आणि खालची इंग्रजी अक्षरेही कळत नाहीत. तिला मराठी अक्षरेही कळत नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो. पण पडद्यावर कुणी बाई रडताना दिसली, की जगातल्या कोणत्याही भाषेत आत्या तिच्या शेजारी जाऊन बसते. तेव्हा मुलगी पाहत होती आणि आत्यासाठी मराठीत सांगत होती.

गोष्ट अशी. डोंगरावर एकटी राहणारी एक साधी मुलगी. स्वर्गातला राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो आणि तिला वर राजवाड्यात घेऊन जातो. तिथे त्याच्यावर डोळा ठेवून असलेली दुसरी एक बाई असते. ती एके दिवशी एका भयंकर ओट्यावरून स्वतःच उडी घेते आणि 'हिनेच मला ढकलले' असा आळ घालते. त्या पडण्यात तिचे डोळे गेलेले असतात. म्हणून शिक्षा काय, तर या गरीब मुलीचे डोळे काढून तिला द्यायचे!

आत्याने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आन् हिच्या बाजूनं सांगाया कुणीच नव्हतं का गं?"

"नव्हतं ना, आजी. तिथं ती कुणालाच ओळखत नाही."

"तिचा नवरा?"

"तो गप्प. तिला वाचवायला म्हणून गप्प."

"हे बरंय," आत्या म्हणाली. पुढच्या भागात त्या मुलीचे काय होते, हे विचारायचेही तिने सोडून दिले.

माझ्यातला मास्तर त्या क्षणी जागा झाला. म्हटले, आपल्या अंगणातली चांदबीबी सोडून ह्या चीनपर्यंत कशाला गेल्या? आणि मी सांगायला बसलो. ओसरीवर थंडी उतरली होती. शेजारच्या दोन घरांतली मंडळी उसाच्या तोडीला जायची म्हणून बोचकी बांधत होती. बीडकडे दिवाळी संपते ती अशी.

चांदबीबी ही नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. तिथे आत्याने "किल्ला?" म्हणून मला थांबवले. तिच्या लग्नात एका सायकलीवरून मांडव अडला होता. ह्याच सोयरिकीच्या जोरावर 1565 मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला. म्हणजे राजकारणात तिचा उपयोग पहिल्यापासूनच झाला. मत कुणी विचारले नव्हते.

1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या, इब्राहिम, आणि त्याला सांभाळणारी चांदबीबी. कारभार पाहायला कामिलखान नेमला. तो शिरजोर झाला. त्याला दूर करण्यासाठी तिने किश्वरखानाला हाताशी धरले. किश्वरखानाने कामिलखानाचा काटा काढला आणि तो त्याहून शिरजोर झाला. मग त्याने काय केले, तर जिने त्याला वर आणले तिलाच राजवाड्यातून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. साताऱ्याचा किल्ला म्हणजे आपला अजिंक्यतारा. पुढे किश्वरखान पळाला आणि हिची सुटका झाली.

माणसाने एवढ्यावरून शहाणे व्हावे, असे आपण म्हणतो. मीही बरीच वर्षे वर्गात तसे म्हणत आलो.

पुढे ती माहेरी नगरला आली. तिथे तर वारसांचा बाजार मांडला होता. चार गट, चार वारस. त्यांतल्या मियान मंजूने घाईला येऊन अकबराच्या मुलाला, मुरादला, मदतीला बोलावले. मग त्याला पश्चात्ताप झाला; पण पाहुणे निघाले होते. 1595 च्या डिसेंबरात मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. भिंतींखाली सुरुंग ठासले. आणि इथे एक गोष्ट घडली, ती मला फार मोलाची वाटते. शत्रूच्या छावणीतला एक माणूस, ख्वाजा मुहम्मदखान शिराझी, आतल्या लोकांची जिद्द पाहून हळहळला आणि रात्रीच्या अंधारात किल्ल्यापाशी येऊन सुरुंगांच्या जागा सांगून गेला. चांदबीबीने दोन सुरुंग निकामी करवले. तिसरा उडाला आणि तट मोठा थोरला कोसळला. सरदार पळण्याच्या बेतात होते. तेव्हा ही बाई अंगात चिलखत, तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. दिवसभर खिंडार झुंजत ठेवले आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. सकाळी मोगल पाहतात तो समोर भिंत! अखेर 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. गोळे संपले तेव्हा तिने तोफांत सोन्याचांदीची नाणी भरून डागली, असेही लोक सांगतात. ही आख्यायिका, पण नगरात ती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

वेढा उठला. पेशवाई तिने मुहम्मदखानाला दिली. त्याने सत्ता बळकावली आणि ती निसटू लागताच मोगलांनाच पत्र लिहिले. त्याला पकडल्यावर आहंगखान नेमला. त्याने बाल सुलतान बहादुरला ताब्यात घेऊन तिला कोंडण्याचा घाट घातला. तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, तेव्हा त्याने तिच्याच किल्ल्याला वेढा दिला!

आणि मग 1600 साल. अकबराचा दुसरा मुलगा दानियाल आणि खानखानान रहीम (हो, तेच दोह्यांचे रहीम) फौज घेऊन आले. आहंगखान जुन्नरकडे पळाला. किल्ल्यात चांदबीबी, ते पोर आणि कुणाचा भरवसा धरावा असा एकही सरदार नाही. तिने जनानखान्यातल्या खोजा हमीदखानाला बोलावून विचारले : सरदार असे वागले, आता आतल्या लोकांच्या जिवाची हमी घेऊन किल्ला द्यावा आणि पोराला घेऊन जुन्नरला जावे, हे बरे नाही का? हमीदखान बाहेर गेला आणि ओरडला, बाई मोगलांना फितूर झाली, किल्ला विकायला निघाली! जमाव महालात घुसला. पाच वर्षांमागे जिच्यासाठी हे लोक खिंडारात मरायला उभे राहिले होते, तिला त्यांनीच कापले. ऑगस्टात किल्ला पडला. पोराची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

हे सारे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. तो त्याच काळातला, आधी नगर आणि मग विजापूर दरबारी राहिलेला माणूस. पुढे इंग्रज लेखक मेडोज टेलरने तिच्यावर कादंबरीही लिहिली. मी गोष्ट संपवली आणि वर्गात टाकतो तोच शेरा टाकला, "एवढी हुशार बाई, पण माणसं ओळखता आली नाहीत. भोळी."

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ती सोता बाहीर जाऊन लोकास्नी कामून बोलली नाही?"

"पडदा होता ना, आत्या. लढाईची गोष्ट वेगळी. एरवी राज्यातला कागदसुद्धा दुसऱ्याच्या हातून आत यायचा आणि दुसऱ्याच्या तोंडून तिचा हुकूम बाहेर जायचा."

"मग भोळी कशी?" आत्या म्हणाली. "तिला कुणाला तरी इचारावंच लागणार. भरवसा नसला तरी इचारावं लागणार."

एवढेच बोलून ती दिव्याची वात सारायला उठली. मी मात्र जागच्या जागी बसून राहिलो, कारण मला तो कागद आठवला.

तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आत्याचे यजमान जाऊन वर्ष झाले होते. तिच्या दिराने वाटणीचा म्हणून एक कागद केला, आणि अंगठा देण्याआधी आत्या तो घेऊन आमच्याकडे आली. वडील गावी नव्हते. "तू शिकलेला. तू वाचून सांग," म्हणाली. मला परीक्षा होती, आणि शिवाय मित्र दारात उभे होते. मी मुद्रांकाचे पहिले पान वाचले, दुसरे चाळले आणि म्हणालो, "ठीक दिसतंय. दे अंगठा." तिसऱ्या पानावर विहिरीकडच्या तीन एकरांचे आणि विहिरीतल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र होते. ते आम्हाला दोन पावसाळ्यांनी कळले, जेव्हा मोटारीची वायर तिच्या दिराने काढून नेली.

त्या दिराला घरात सर्वांनी नावे ठेवली. मीही ठेवली, आणि जरा मोठ्यानेच. आत्याने 'तू वाचला होतास ना?' असे मला आजपर्यंत विचारलेले नाही. माझे तिसरे पान वाचायचे राहिले होते, हे तिला ठाऊक आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. तिची राहिलेली जमीन कोरडवाहू. त्यात कापूस होतो तो पावसाच्या मर्जीने. तेवीस वर्षे ती तसाच घेते आहे, आणि दर भाऊबीजेला पाटावर बसवून मला ओवाळते आहे.

फितुरी करणारा हमीदखान आणि घाईत असलेला भाचा यांत फरक आहे, हे मी स्वतःला त्या रात्री पुष्कळ समजावले.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याने पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. बँकेचा होता, पीककर्जाचा. मी सवयीने हात पुढे केला. तिने तो माझ्या मुलीच्या हातात दिला.

"वाच," म्हणाली. "मोठ्यानं. सगळी पानं वाच."

मुलीने मोबाईल बाजूला ठेवला आणि वाचू लागली. सरकारी मराठीत ती अडखळत होती. एकेका शब्दाशी आत्या हाताने थांबवी आणि "म्हंजी काय?" म्हणून विचारी. तो अर्थ मात्र ती मला विचारीत होती. एस.टी. चुकली. दुपारची मिळाली.