‘कुठेतरी वाचलं होतं’

‘मिठाऐवजी वेगळं मीठ वापरायचं, असं एका वेबसाइटवर वाचलं होतं. निळ्या रंगाचं पान होतं, वर मीठदाणीचं चित्र…’ हल्ली अशी वाक्ये सर्रास कानावर येतात. रंग नेमका आठवतो, सल्ला कोणासाठी होता ते विसरले जाते.

स्मृतीचा हा खोडसाळपणा नवा नाही. ‘जिभेवर आहे पण आठवत नाही’ या अवस्थेचा अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९६६ मध्ये केला. शब्द आठवत नसतानाही त्याचे पहिले अक्षर लोकांना अनेकदा बरोबर सांगता येत होते. म्हणजे अर्धवट आठवण टाकाऊ नसते. चुकते ते तिचा वापर करताना.

बहुतेक जण शोधताना स्वतःचा प्रश्न टाइप करतात. ‘बीपीसाठी कोणतं मीठ चांगलं’ असे लिहिले की नव्या पानांचा ढीग येतो, हवे ते पान नव्हे. त्या पानावरचे शब्द आठवायला हवेत. ‘पोटॅशियम’ होता का? ‘कमी सोडियम’ होते का? एखादा शब्दप्रयोग जसाच्या तसा आठवत असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकावा. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह द्यावे. मराठीत ‘किडनी’ आणि ‘मूत्रपिंड’ दोन्ही घालून पाहावे लागते. खरे तर त्याआधी ब्राउझरची हिस्टरी बघावी. पण क्रोममध्ये ती साधारण ९० दिवसांचीच असते.

कधी पानच उरलेले नसते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मधील वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. जुना पत्ता हाती असेल तर ‘वेबॅक मशिन’मध्ये प्रत मिळू शकते.

खरा धोका मात्र पान न सापडण्यात नाही, भलतेच सापडण्यात आहे. १९७७ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात, पुन्हा पुन्हा कानावर पडलेली विधाने लोकांना अधिक खरी वाटू लागली होती. ओळखीचे वाटणारे पान ‘हेच ते’ म्हणून स्वीकारले जाते ते असेच. मिठाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली. पण मूत्रपिंडविकार असलेले, गर्भवती आणि मुले त्यातून वगळली. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते.

हीच अट अर्धवट आठवणीतून गळते. त्यामुळे पान सापडलेच, तर सल्ल्याआधी तो कोणासाठी आहे, कोणी आणि केव्हा लिहिला हे पाहावे, आणि पत्ता जपून ठेवावा. नाही सापडले, तर मिठाच्या पाकिटावर ‘पोटॅशियम क्लोराइड’ लिहिले आहे का ते बघून ते पाकीटच डॉक्टरांना दाखवावे.