दहा वर्षांचे पालकत्व

अंध-कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत वाढदिवसानिमित्त गोडाचे जेवण घालणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु शिक्षण पंगतीने होत नाही. २०१६ च्या कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला खरा. पण गंगाखेडकडील ऊसतोड मजुराच्या कर्णबधिर मुलीस श्रवणयंत्राची बॅटरी, वाढत्या कानाबरोबर बदलावा लागणारा साचा आणि सुटीतले गाडीभाडे वर्षानुवर्षे लागते. त्यांत खंड पडला, की ती आईबापांबरोबर फडावर जाते आणि भाषा शिकण्याचे वय हातचे निसटते. परभणीकरांनी एक पंगत कमी करावी, एका मुलाचा हा खर्च शाळा संपेपर्यंत पत्करावा. प्रथम मुख्याध्यापकांस इतकेच विचारावे : सुटीनंतर यंदा कोणते मूल परतले नाही?