माळ उतरवल्यानंतरची संध्याकाळ

मी मूळचा सोलापूरचा. बँकेच्या बदलीनं तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडुला आलो आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. दारू सोडलेला माणूस असल्यानं काही गोष्टी मला इतरांआधी दिसतात. टास्माकच्या सरकारी दारूदुकानापुढचे काही नेहमीचे चेहरे नोव्हेंबरच्या मध्यात नाहीसे होतात, ते काळी लुंगी नेसून, अनवाणी, गळ्यात माळ घालून देवळाबाहेर भेटतात. अय्यप्पाचं मंडल व्रत! 41 दिवस दारू नाही, विडी नाही, मांस नाही, दाढी करायची नाही, निजायचं जमिनीवर. कालपर्यंत ज्याला ‘कुडिकारन’, म्हणजे बेवडा, म्हणत, त्याला आज बायकोसुद्धा ‘सामी’ म्हणते.

शिकलेले मित्र हसतात. म्हणतात, ही भक्ती नव्हे, देवाची भीती. असू दे. संध्याकाळी सात वाजता हातांना काय काम द्यायचं, हा पिणाऱ्याचा खरा प्रश्न. भजनात ते हात टाळ धरतात आणि शेजारी बसलेलेही न पिणारेच असतात.

माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे.

रोज सकाळी हात थरथरल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही, त्यानं माळ घालून एका रात्रीत दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो, माणूस दगावतोही. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचं, माळ नंतर. यात देवाचा अपमान कसला? याच गावात तंजावरच्या सर्फोजीराजे भोसल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या, नावानं छत्र बांधलं. रामेश्वरच्या सेतुयात्रेला निघालेल्यांना राजांच्या छत्रांत जेवण मिळे, तसं आजाऱ्यांना औषधही मिळे. यात्रेच्या वाटेवर वैद्य हवा, हे त्या मराठी राजाला कळत होतं.

दुसरा आक्षेप माळ उतरण्याच्या दिवसाचा. अय्यप्पाच्या शबरीमलैहून परत आल्यावर माळ निघते. बरेच जण जानेवारीच्या मध्यातल्या मकरज्योतीला जातात, म्हणजे ते परततात पोंगलच्या सणात. हातात मोकळा वेळ, खिशात पैसे, भोवती दोस्त. घरातल्या बायका हा दिवस कॅलेंडरवर हेरून ठेवतात.

आमच्याकडची वारकऱ्याची तुळशीमाळ जन्माची असते, ती अशी सणापुरती उतरत नाही. पण ‘जन्मभर’ हा शब्द ऐकूनच पिणारा घाबरतो. मीही कित्येक वर्षं दिंडीपासून चार हात लांब राहायचो. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसनं यावर उपाय काढला: फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचं उद्या. आणि त्यासाठी सभेला यायचं, पुन्हा पुन्हा यायचं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली काढलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचार संपले म्हणून नातं संपत नाही. बाहेर पडलेली माणसं पाठपुराव्याला येत राहतात.

या सामींना माळ घालणाऱ्या गुरुस्वामींकडे माणसं आहेत, मान आहे, भजन आहे. कमी पडतो तो माळ उतरल्यावर पुन्हा भेटायचा पुढचा शनिवार. ते जानेवारीनंतरही भजन चालू ठेवायला तयार असतील, तर ओसरी माझी, चहाही माझा.