घोडेस्वारीचा धंदा आणि त्याचा इंटरनेटवरील पत्ता

प्रवरेच्या कालव्याखालील भागात शेतीला जोडधंदा म्हटला म्हणजे दुभत्या जनावरांचा, फार तर कोंबड्यांचा विचार होतो. घोडा हा लग्नाच्या वरातीपुरता, असाच समज रूढ आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले, तेव्हापासून मात्र शेतावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी एकदोन घोडे ठेवावेत व सकाळ-सायंकाळ स्वारी शिकवावी, ही कल्पना होतकरू शेतकऱ्यास सुचणे स्वाभाविक आहे. कल्पना वाईट नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच राष्ट्रीय मान्यता मिळाली असल्याने देशी घोड्याविषयी कुतूहलही वाढले आहे. परंतु देवळाली प्रवरासारख्या गावी हा धंदा उभा राहणे वा न राहणे हे घोड्याइतकेच इंटरनेटवरील त्याच्या ओळखीवर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

माथेरानच्या घोडेवाल्यास जाहिरातीची फारशी गरज पडत नाही. तेथे खाजगी मोटारींना मज्जाव असल्यामुळे दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या प्रवाशासमोर घोडा उभाच असतो. देवळाली प्रवरास असा नाका नाही. शिर्डी व शनिशिंगणापूरच्या यात्रेकरूंची वाहने राहुरी फॅक्टरीजवळून दिवसभर धावतात, पण रस्त्यापासून आत उसाच्या फडापलीकडे कोणाचा तबेला आहे हे त्यांना कसे कळावे ? ते कळण्याचा मार्ग आज प्रवाशाच्या हातातील मोबाइल हाच होय.

येथे एक अडचण या गावापुरती खास आहे. ‘देवळाली’ एवढेच नाव घातले की शोधणाऱ्यास नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली सापडते. तोफखान्याच्या त्या गावाशी घोड्यांचे जुने नाते असल्याने घोटाळा अधिकच वाढतो. यास्तव धंद्याच्या पाटीवर, नकाशावरील नोंदीत व प्रत्येक छायाचित्राखाली ‘देवळाली प्रवरा, तालुका राहुरी’ हे पूर्ण नाव असलेच पाहिजे. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या सवयीचे लोक अहमदनगर म्हणून शोधतील, म्हणून वर्णनात दोन्ही नावे यावीत. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत मजकूर असावा. गुगलच्या नकाशावर अशी नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. नकाशावरील खूण मात्र गावाच्या मध्यभागी न ठेवता तबेल्याच्या फाटकावर ठेवावी. बागाईत भागात चुकीच्या बांधावर गेलेली मोटार सहज परत वळत नाही.

त्या नोंदीत काय असावे याविषयी बहुतेकांची समजूत उलटी असते. उधळलेल्या घोड्याचे चित्र व मोठमोठी विशेषणे यांनी गिऱ्हाईक येते, असे मानले जाते. वस्तुतः मुलास घेऊन येणाऱ्या आईबापांना निराळ्याच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. घोडा शांत आहे काय, शिरस्त्राण मिळते काय, शिकविणारा माणूस लगाम धरून बरोबर चालतो काय, आणि दर काय ? दर स्पष्ट लिहावा. माथेरानात प्रवाशांची दिशाभूल होते या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये बंद पाळण्याची वेळ आली, हे उदाहरण ताजे आहे. तेथे पर्यटक तरीही जातात, कारण डोंगर तेथेच आहे. देवळालीस एकदा फसलेला पाहुणा पुन्हा फिरकण्याचे कारण नाही.

स्वाराच्या वजनाची मर्यादाही आधीच जाहीर करणे हितावह आहे. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावे, असा जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर याप्रमाणे सत्तर किलोच्या पुढे भार जाता कामा नये. ही गोष्ट फाटकात उभे राहून सांगितली तर पाहुण्याचा अपमान होतो, घरी असताना वाचली तर होत नाही. वेळेचेही तसेच. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक व विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच तापमान ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपण्यास मनाई आहे. स्वारीच्या घोड्यासही हीच मर्यादा किमान समजावी आणि उन्हाळ्यातील दुपार ‘बंद’ म्हणून दाखवावी. घोड्यांची ग्लँडर्स रोगासाठी तपासणी झाली असल्यास तिची तारीख द्यावी. हा रोग माणसासही होतो.

छायाचित्रांबाबत थोडे कठोर बोलणे भाग आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातील नाचत्या घोड्यांची चलच्चित्रे लक्षावधी लोक पाहतात. ते पाहून मागील पायांवर उभे राहणारे जनावर आपल्याही पानावर असावे, असा मोह होतो. बाजारातील घोडा विकावयाचा असतो, तबेल्यातील घोड्यावर लहान मूल बसावयाचे असते. नाचाची सवय लावलेले जनावर पाहून कोणते पालक निश्चिंत होतील ? खरारा करताना, पाणी पिताना, खोगीर कसताना घेतलेली साधी चित्रे अधिक काम करतात.

हे सर्व करून देणारे मध्यस्थ शहरोशहरी आहेत. त्यांची मदत घेण्यास हरकत नाही, परंतु खाते शेतकऱ्याच्याच मोबाइल क्रमांकावर उघडलेले असावे व परवलीचा शब्द त्याच्याच घरी असावा. ज्याचे खाते त्याचेच गिऱ्हाईक, हा येथील न्याय आहे. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेणे तर सर्वस्वी त्याज्य समजावे.

कर्ज काढून चार घोडे घ्यावयाचे आणि मग पान उघडावयाचे, हा क्रमही चुकीचा वाटतो. पान रिकामे राहिले तरी फारसे बिघडत नाही, पण घोड्यास रोज सातएक किलो कोरडा चारा लागतोच. शिवाय उसाची वाढी फुकट मिळतात म्हणून केवळ त्यांवर घोडा पोसता येत नाही, कारण त्यांतील ऑक्झलेटमुळे हाडांतील चुना कमी होतो. एका घोड्यावर आरंभ करून एक हंगाम चौकशा किती येतात हे पाहावे. मृगाचा पाऊस पडला की येथील काळ्या जमिनीत खूर रुतू लागतात. त्या दिवशी सकाळीच नोंदीवर ‘आज स्वारी बंद’ असे लिहावे आणि वाफसा आल्यावर ते काढावे.