माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे!

ताडोब्यात वाघ दिसला की त्याचं स्टेटस दिवसभर गाजतं. पण ‘नान्नजला जाऊन आलो’ असं स्टेटस तुम्ही कधी पाहिलंय? बहुतेक नाहीच. सोलापूरजवळच्या या गावात ना घनदाट जंगल, ना डरकाळी. नुसतं गवत, मुरूम आणि वर मोकळं आभाळ. पण हेच आपलं माळढोक अभयारण्य!

माळढोक म्हणजे काही साधासुधा पक्षी नाही. उंची मीटरभर, आणि नर तर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा हेवीवेट! राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली, तेव्हा डॉ. सालिम अली यांनी याचीच शिफारस केली होती. मान मिळाला मोराला. आज देशात माळढोक उरलेत जेमतेम दीडशेच्या घरात. म्हणजे एका लेक्चर हॉलमध्ये मावतील एवढे! त्यातले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे. नान्नजला एखादा जरी दिसला तरी बातमी होते.

ही वेळ का आली? शिकार झाली. विजेच्या तारा आल्या. याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही, मग तो तारांना धडकतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एखादं भटकं कुत्रं आलं की संपलं.

पण सगळ्यात मोठं कारण आपल्या तोंडी रोज असतं. ‘पडीक’! झाडं नाहीत म्हणजे जमीन वाया गेली, असं आपण धरून चालतो. मग तिथे कुणी शेती काढतं, कुणी प्लॉट पाडतं, तर कुणी चांगल्या मनाने झाडं लावतं. माळढोकाला मात्र लांबवर दिसणारा मोकळा माळच लागतो. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर यांचंही घर तेच. तिथे दाट झाडी उभी करणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं.

दुसरी बाजूही बघायला हवी. १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात लोकांची शेतं आली, गावं आली. स्वतःच्याच जमिनीवर बंधनं आल्यावर शेतकऱ्याला पक्ष्याचा राग येणारच ना? पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण तोवर खूप उशीर झाला होता. गावाला सोबत न घेता कागदावर आखलेली हद्द पक्षी वाचवत नाही, हा धडा महागात पडला.

मग आपण काय करायचं? येत्या एनएसएस कॅम्पला वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला, तर खड्डा खणण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘सर, ही जागा आधी काय होती?’ तो गवताळ माळ असेल, तर रोपं दुसरीकडे न्या. माळावर ट्रिपला गेलात तर उरलंसुरलं खाणं तिथे टाकू नका, त्याच्या मागे कुत्री येतात. आणि कुणी ‘पडीक’ म्हणालंच, तर तिथल्या तिथे टोका.

माळढोक नान्नजला पुन्हा नांदेल का, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो परत आलाच, तर त्याला उतरायला माळ तरी शिल्लक हवा ना, दोस्तांनो?