शेवटच्या बाकावरचे हात

वर्गात प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरचे हात आधी वर जातात. मागच्या मुलाला सांगायचं काही नसतं असं नाही, पण तिकडे मुद्दाम बघावं लागतं.

विकिमीडिया फाउंडेशनने २०१५ साली एक चांगली प्रथा पाडली. विकिपीडियासारख्या प्रकल्पांत लिहिणाऱ्यांनी हव्या त्या सोयी मागायच्या, सगळ्यांनी मतं द्यायची आणि वरच्या दहा मागण्या प्रोग्रामर मंडळींनी हाती घ्यायच्या. कारभार उघड, सरळ. पण नुसती मतं मोजली की मोठ्या घरचाच आवाज मोठा! इंग्रजी विकिपीडियापुढे विकिस्रोतावर जुनी पुस्तकं तपासत बसणारी चार टाळकी किती मतं आणणार?

२०२० च्या फेरीत मात्र विकिपीडियाला बाजूला ठेवून विकिस्रोत, विक्शनरी अशा धाकट्या भावंडांनाच विचारलं. निवडलेल्या पाच मागण्यांत विकिस्रोतावरची पुस्तकं ई-बुक म्हणून नीट उतरवून घेता यावीत, ही एक होती. मागणारे थोडे, पण फायदा वाचणाऱ्या प्रत्येकाचा. मतमोजणीत हा वाचक कुठे दिसतच नाही.

म्हणून मला वाटतं, मतं जरूर मोजावीत. पण अधूनमधून पहिल्या बाकाला गप्प बसवावं. आणि जे जमणार नाही त्याला कारण सांगून स्पष्ट 'नाही' म्हणावं. 'बघू' ऐकलेला मुलगा वर्षभर वाट बघतो, आणि मग पुन्हा कधी हातच वर करत नाही.